तक्रार नसलेली दुरुस्ती

फुकट काम करणाऱ्या माणसाला शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्याव्यात, पण त्या त्याच्याकडूनच लिहून घेऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे. हे म्हणणं मी हिच्यापुढे मांडलं तेव्हा ही पदर तोंडाला लावून हसली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांपुढे मांडलं तेव्हा ते पदर नसल्यामुळे उघडपणे हसले. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगतो. चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. माझी नाही, हे लक्षात ठेवून ठरवा.

माझे सासरे निवृत्त ऑडिटर आहेत. म्हणजे नोकरीतून निवृत्त, ऑडिटमधून नव्हे. जेवणात मीठ कमी असलं तर ते "मीठ कमी आहे" असं म्हणत नाहीत, "मिठाबाबत खुलासा व्हावा" असं म्हणतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याबद्दलचा त्यांचा शेरा अजून यायचाच आहे. प्रकरण तपासणीखाली आहे.

गेल्या काही वर्षांत त्यांची नजर अधू झाली. त्यांचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, तेव्हा मी मोठ्या रुबाबात त्यावर लिनक्स बसवून दिलं. तेही साधंसुधं नव्हे, तर अजून तयार होत असलेली पुढची आवृत्ती. नवं ते सगळ्यात आधी आमच्या सासऱ्यांना मिळावं हा हेतू. आणि त्यात एक छोटासा प्रोग्राम टाकला, 'भिंग' नावाचा. माऊस ज्या ओळीवर न्याल ती ओळ पडद्याच्या तळाशी एका पट्टीत दिसते, काळ्यावर पिवळी, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. त्या पट्टीवर ते रोजचं वर्तमानपत्र पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. सकाळचा चहा ते संध्याकाळचा चहा यांच्यामध्ये त्यांच्याकडे दुसरं काही नाही. ती पट्टी आहे.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर ते पडद्यासमोर ताठ बसलेले.

"जावईबापू, हे तुम्ही बसवलंत ना?"

"हो, बाबा."

"मग वाचा."

पट्टीत सूचना होती. 'भिंग' हे पॅकेज अनाथ झालं आहे, त्याला मेंटेनर नाही, कोणी पुढे आलं नाही तर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकण्यात येईल.

"खुलासा?" सासरे म्हणाले.

मी म्हणालो, "मी बघतो." माणसाने आयुष्यात हे दोन शब्द फार जपून वापरावेत. आगीच्या बंबावरची माणसंसुद्धा आधी पत्ता विचारतात.

आता ही पॅकेजची भानगड थोडक्यात सांगतो. कोणीतरी भला माणूस एखादा प्रोग्राम लिहितो आणि त्याचा सोर्स कोड जगापुढे ठेवून मोकळा होतो. पण तो कोड जसाच्या तसा कोणाच्या घरात राहू शकत नाही. त्याला काय लागतं, त्याचं कोणाशी पटत नाही, त्याचं सामान कुठे ठेवायचं, हे सगळं लिहून त्याचं गाठोडं बांधावं लागतं. ते गाठोडं म्हणजे पॅकेज आणि ते बांधणारा तो मेंटेनर. हा मेंटेनर बिनपगारी असतो. हिने पहिला प्रश्न नेमका तोच विचारला.

"म्हणजे ऑफिसातनं येऊन परत ऑफिसच. आणि तेही फुकट."

"स्वयंसेवा आहे ती."

"मग स्वयंपाकघरात पण थोडी स्वयंसेवा करा. नळ गळतोय."

नळ गळत होता हे खरं आहे. पण नळाला मेंटेनर होता, प्लंबर. भिंगाला कोणी नव्हतं.

जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले. ते सगळ्या प्रश्नांवर सल्ला देतात आणि तो सल्ला शेवटी दातावरच येतो. "दत्तक घ्या," ते म्हणाले, "पण आधी आतून बघा. वरून पांढरंशुभ्र दिसतं आणि आत कीड असते. माझं ऐका, मुळापासून काढा आणि नवीन बसवा." मी म्हटलं, वाचवायचंच आहे. तर म्हणाले, "मग दुखणार." पुढे जे झालं ते पाहता या माणसाकडे दात दाखवायला हरकत नाही, असं मला वाटायला लागलंय.

हे लिनक्स तयार करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात सगळे टोपणनावाने वावरतात. मी 'निमूट' हे नाव घेतलं. नवीन माणसाला प्रकल्पाच्या साठ्यात स्वतः काहीही चढवता येत नाही. एका जुन्या सभासदाने तपासून त्याच्या हाताने चढवायचं असतं. माझ्या वाट्याला जो आला त्याचं नाव 'घुबड'. चित्रही घुबडाचंच. तो कुठे राहतो, काय करतो, कोण आहे, मला आजतागायत माहीत नाही, पण त्याच्या घरात एकही वस्तू वाकडी ठेवलेली नसणार हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मी गाठोडं बांधून पाठवलं. घुबडाने परत केलं. ओळींच्या शेवटी रिकाम्या जागा राहिल्या होत्या. न दिसणाऱ्या! मी त्या काढल्या. त्याने परत केलं. पॅकेजच्या वर्णनाचं वाक्य पूर्णविरामाने संपत होतं, तो तिथे चालत नाही. मी पूर्णविराम काढला. त्याने परत केलं. भिंगाचं जे बोटभर चित्र आहे ते कोणी काढलं आणि कोणत्या परवान्याखाली वाटलं याची नोंद नव्हती. चित्रकाराचा शोध लावता लावता माझ्या नाकी नऊ आले. सापडला तेव्हा तो चित्रकला सोडून मधमाश्या पाळत होता. त्याने उत्तर पाठवलं, "कोणतं चित्र? पण परवानगी आहे." मग सभासदांच्या मेलिंग लिस्टवर कोणीतरी विचारलं की भिंग 'साधने' या विभागात का, 'सुलभता' या विभागात का नाही. या प्रश्नावर इतकी माणसं इतक्या पोटतिडकीने लिहायला लागली की दोघांनी प्रकल्प सोडला आणि एकाने, प्रकल्पात नसलेल्याने, निषेध म्हणून सोडता यावं यासाठी आधी प्रवेश घेतला. भिंग चालतं का, हे कोणीही विचारलं नाही.

शेवटी भिंग माझ्या नावावर झालं आणि त्याच्याबरोबर त्याच्या जुन्या तक्रारीही. तीन पानं भरून होत्या. सगळ्या एकाच माणसाच्या. टोपणनाव 'तपासनीस'. भाषा अशी: "सदर पट्टीची उजवी कड अर्धे अक्षर खाते, असे निदर्शनास आले. खुलासा करावा." "मागील तक्रारीवरील उत्तर मोघम आहे. पुन्हा खुलासा करावा." माझ्या आधीच्या मेंटेनरचा निरोपाचा संदेशही तिथेच होता. त्यात एवढंच होतं की माझ्याने आता होत नाही, तपासनीसांना शुभेच्छा.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. ऑफिसात त्या दिवशी साहेबांनी माझ्यावर आगपाखड केली होती, घरी नळ गळत होता, आणि वर हा कोण टिकोजीराव फुकटच्या मालाचे खुलासे मागतोय? मी लिहिलं, "आपल्याला दुसरा काही उद्योग नाही काय?" आणि पाठवून दिलं. फार बरं वाटलं.

हे बरं वाटणं रविवारपर्यंत टिकलं. रविवारी सासऱ्यांनी मला बोलावून पडद्यासमोर उभं केलं.

"बघा, कसला उद्धट इसम नेमलाय."

पट्टीत माझं वाक्य होतं. काळ्यावर पिवळं. अंगठ्याएवढ्या अक्षरांत. ते मोठ्याने वाचत होते आणि माझा उद्धटपणा एकेक शब्दाने उलगडत होता, 'आपल्याला', मग 'दुसरा', मग 'काही'. 'उद्योग' येईपर्यंत माझ्या हातातली बशी कलली आणि चहा पायावर सांडला. मी ओरडलो नाही. आतून ओरडलो.

"तुम्ही... तपासनीस तुम्ही आहात, बाबा?"

"मग कोण असणार? अजून कोण वापरतंय हे?" मग त्यांनी माऊस बाजूला सारला. "तसा उद्योग नाही हे खरंच आहे म्हणा."

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले असते तर मी सहन केलं असतं. ते सरळ बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर घुबडाला विचारलं, माझं एक वाक्य पुसता येईल का. तो म्हणाला, "इथे काहीही पुसलं जात नाही." मी माफी मागितली, मेंटेनर म्हणून, चारचौघांत, आणि तक्रारी एकेक करून निस्तरायला घेतल्या. उजवी कड अक्षर खायची थांबली. पिवळा रंग दोन छटांनी उजळ केला. आणि तिकडे माझ्या सासऱ्यांच्या मनात या 'निमूट'बद्दल आदर वाढायला लागला.

"माणूस आधी उद्धट वाटला," ते जेवताना म्हणाले, "पण कामाचा आहे. तुम्ही 'बघतो' म्हणाला होतात, जावईबापू. काय बघितलंत?"

"चालू आहे, बाबा."

"तुमचं चालू आहे. त्याचं झालंसुद्धा."

ही समोर मान खाली घालून भाताशी खेळत होती. तिचे खांदे हलत होते.

मी तुम्हाला विचारतो, माणसाने स्वतःवरच जळायचं म्हणजे किती जळायचं? दर रविवारी मला माझंच कौतुक ऐकावं लागे आणि ते माझ्या तोंडावर मारण्यासाठी असे. "असा असतो जबाबदार माणूस." "त्याला बायकामुलं असतील की नाही? पण वेळ काढतो." ही घरी म्हणाली, "सांगून टाका ना एकदा." काय सांगू? उद्योग नाही काय असं विचारणारा तो उद्धट इसम तुमच्याच मुलीचा नवरा आहे, असं? त्यापेक्षा जळणं परवडलं.

मग फ्रीझ, म्हणजे बदलबंदी, जवळ आला. नवी आवृत्ती जगासमोर आणण्याआधी प्रकल्पाची दारं बंद होतात. त्यानंतर गाठोड्याला हात लावायचा तर एकाच अटीवर: त्या बदलामागे कोणाची तरी नोंदवलेली तक्रार हवी, तिचा क्रमांक हवा, आणि तक्रारदार मेंटेनर स्वतः नको. दारं लागायच्या आत मी उरलेल्या तक्रारींपैकी एक मोठी निकालात काढली, घाईघाईने भिंगाची नवी आवृत्ती चढवून घेतली आणि वाट बघत बसलो. एकही तक्रार आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मी जिन्यात दातांच्या डॉक्टरांना मुद्दाम गाठून सांगितलं की तपासनीसांचं तोंड अखेर बंद केलं. ते म्हणाले, "पेशंट अचानक दुखायचं थांबलंय म्हणाला की मला काळजी वाटते. नस मेलेली असते."

या माणसाला पुढे कधीही काही सांगायचं नाही, असं ठरवून मी घरात शिरलो. ही फोन खाली ठेवत होती.

"बाबा पेपर वाचत नाहीयेत म्हणे. आई सांगत होती. बरेच दिवस झाले. नुसते खुर्चीत बसून असतात."

"मग तक्रार का नाही केली त्यांनी?"

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उत्तर आपोआप कळलं. तक्रार करायला आधी पडदा वाचता यायला हवा. मला फोन करून सांगणं हे त्यांच्या स्वभावात नाही. तोंडी तक्रारीला ते तक्रार मानत नाहीत. आणि लेखी तक्रार करण्याचं त्यांचं एकुलतं साधन मीच मोडून ठेवलं होतं.

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून सासऱ्यांकडे गेलो. चूक पाहिली तेव्हा कपाळावर हात मारला. भिंगाला नव्याने एक मदतनीस फाईल लागत होती. ती माझ्या कॉम्प्युटरवर होती, कारण मीच कधीतरी प्रयोग करताना टाकली होती. म्हणून भिंगाला काय काय लागतं त्या यादीत तिचं नाव घालायचं मला सुचलं नाही. माझ्याकडे चाललं. जगात इतरत्र कुठेही चालणार नव्हतं. ही चूक मेंटेनर लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत आणि प्रत्येकजण "माझ्याकडे तर चालतंय" हेच तीन शब्द बोलतो. मी बोललो नाही. समोर सासरे बसले होते.

दुरुस्ती एका ओळीची. पण दारं बंद. घुबडाने बजावलं, "तक्रार क्रमांक? आणि तक्रारदार तू नकोस."

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी टंकतो. तक्रार तुमच्या नावाने करू या."

ते एकदम सरळ बसले. किती दिवसांनी त्यांना कोणीतरी काम दिलं होतं.

"लिहा. सदर प्रोग्राम उघडत नाही."

लिहिलं.

"सांभाळ करणाऱ्या इसमाने..."

"मेंटेनरने," मी म्हणालो.

"इसमाने. आपल्या घराबाहेरही जग आहे याचा विचार न करता, निव्वळ हलगर्जीपणाने..."

"हलगर्जीपणा जरा जास्त होतो, बाबा. नजरचूक म्हणू या?"

"नजर माझी अधू आहे, त्याची नाही. हलगर्जीपणा. लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने, शब्द न गाळता. 'निव्वळ' गाळायचा प्रयत्न केला, तर त्यांनी बोट वर केलं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि प्रत्येक विशेषणाला मान हलवत होत्या. कोर्टातसुद्धा आरोपीला आरोपपत्र टाईप करायला बसवत नाहीत!

तक्रार गेली. सवयीने सासऱ्यांनी माऊसकडे हात नेला आणि तेव्हा मी पाहिलं. हात थरथरत होता. थोडा नव्हे, चांगलाच. डाव्या हाताने त्यांनी उजवा मनगटापाशी दाबून धरला, मी बघतोय हे लक्षात आलं, आणि घरात अजून येणारं छापील वर्तमानपत्र दोन्ही हातांवर ओढून घेतलं.

"घरात वारं फार येतं," ते म्हणाले. खिडकी बंद होती.

माऊस इतका हलत असेल तर पट्टीतली अक्षरंही सारखी नाचत असणार. इतके दिवस हा माणूस नाचणाऱ्या अक्षरांतून पेपर वाचत होता. डोळ्यांसाठी त्यांनी तीन पानं तक्रारी केल्या होत्या. हातासाठी एकही नाही. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. कोणावर ते मात्र कळेना, त्यामुळे तो मी सवयीप्रमाणे स्वतःजवळ ठेवला.

घरी जाऊन यादीत ती एक ओळ घातली. आणि आणखी एक बदल केला: माऊस जागच्या जागी थरथरला तर पट्टीने दुर्लक्ष करायचं, ठरवून दुसऱ्या ओळीवर गेला तरच हलायचं. दोन्ही घुबडाकडे पाठवलं.

घुबडाचं उत्तर लगेच आलं. "पहिला बदल ठीक. दुसऱ्यामागे तक्रार नाही."

मी लिहिलं, "ज्याला त्रास आहे तो तक्रार करणार नाही. आणि त्याला न विचारता मी त्याच्या नावाने ती करणार नाही."

मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडून घेतलं, चांगले कडक मुद्दे काढले. मग उत्तर आलं. "नियमाविरुद्ध आहे. घेतो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिलीय, ती काढ." माझे सगळे मुद्दे वाया गेले.

भिंग चाललं. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते आपोआप पोचलं, सासरे पेपर वाचायला लागले, आणि हलगर्जीपणाची तक्रार तपासनीसांनी स्वतः बंद केली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण शनिवारी नवी तक्रार येऊन पडली. ती इथे जशीच्या तशी देतो, कारण तिकडे ती सगळ्या जगाला दिसतेच आहे:

"सदर आवृत्तीत पट्टी स्थिर करण्यात आल्याचे निदर्शनास आले. याबाबत कोणतीही तक्रार दाखल नव्हती. तक्रारीविना दुरुस्ती हा प्रकार सेवाकाळात पाहण्यात आला नाही. आमचा हात ज्याने पाहिला असा इसम घराबाहेर एकच आहे. सांभाळ करणाऱ्याने समक्ष येऊन खुलासा करावा. इतर बाबी समाधानकारक."

हा न्याय बघा. चुका केल्या तोवर पकडला गेलो नाही. एक काम बरं केलं, आणि त्यातच सापडलो! मी हिला ते वाचून दाखवलं आणि चांगला फणफणलो. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शेवटचा शब्द परत वाचा."

वाचला. जरा वेळाने पुन्हा वाचला.

रविवारी गेलो. सासऱ्यांनी दार उघडलं आणि ते आत वळले. कॉम्प्युटरसमोर आज दोन खुर्च्या होत्या. त्यांनी माऊसवर हात ठेवला. हात थरथरत होता आणि आज वर पेपर ओढला नव्हता. पट्टीत एक वाक्य होतं, काळ्यावर पिवळं, अंगठ्याएवढं: आपल्याला दुसरा काही उद्योग नाही काय? अक्षरं जराही हलत नव्हती.

"याला उत्तर द्यायचं राहिलं होतं," सासरे म्हणाले. "आहे म्हणावं. बसा, जावईबापू. तक्रारींचं दुसरं पान काढा."